साठेबाजी कोणाला म्हणायचं? बेल्याच्या कास्तकाराची तूर आणि साठामर्यादेचा कायदा

बेला : पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणातलं बेला, पलीकडे महाराष्ट्र. कापूस, सोयाबीन आणि तूर दोन्हीकडे तीच. डाळ महागली की ‘साठेबाजांवर कारवाई’ ही बातमीही दोन्हीकडे सारखीच येते. पण साठेबाज नेमका कोण?

तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारीत. उधारी अंगावर असलेला लहान कास्तकार ती मार्चपर्यंत विकून मोकळा होतो. पुढचे सात-आठ महिने माल असतो तो अडते, डाळमिलवाले, आयातदार आणि मोठ्या साखळी दुकानांच्या गोदामात. आणि भाव बहुतेक याच काळात चढतात. ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली, तेव्हा केंद्राने आयातदारांनाही साठामर्यादेत आणलं. देशभरातून 75 हजार टनांहून जास्त डाळी जप्त झाल्या. त्यातला निम्म्याहून अधिक साठा एकट्या महाराष्ट्रातला होता.

मोठा साठा असणं हा एरवी गुन्हा नाही. जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 खाली सरकारने मर्यादा घातली आणि ती ओलांडली, तरच गुन्हा. जून 2023 मध्ये तूर-उडदासाठी ठोक व्यापाऱ्याला 200 टन, किरकोळ दुकानाला 5 टन अशी मर्यादा होती. आयातदाराला कस्टममधून सुटलेला माल 30 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नव्हता. सप्टेंबरात ठोक व्यापाऱ्याची मर्यादा थेट 50 टनांवर आली. शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

खरी मेख अंमलबजावणीत आहे. साठा किती, हे व्यापाऱ्याने स्वतःच सरकारी पोर्टलवर भरायचं. तपासणी राज्याच्या पुरवठा खात्याकडे, म्हणजे नदीच्या या काठाला एक यंत्रणा, त्या काठाला दुसरी. शिवाय मर्यादा लागते ती भाव भडकल्यावर. 2020 च्या दुरुस्तीने तर भाव 50 टक्के वाढल्याशिवाय धान्य-डाळींवर मर्यादा घालताच येणार नव्हती. 2021 मध्ये इतर दोन कृषी कायद्यांसोबत तीही रद्द झाली.

मिलचा नफाही समजून घ्यायला हवा. एक क्विंटल तुरीतून साधारण 70 किलो डाळ निघते. म्हणजे 7000 रुपये क्विंटलची तूर घेतली, तर नुसत्या मालाचाच खर्च किलोला 100 रुपये पडतो. दुकानातला भाव याच्या कितीतरी वर गेला, तर मधला पैसा कुठे मुरला हे विचारायला जागा आहे.

भाव पडतो तेव्हा मात्र मर्यादा कोणाच्या कामी येत नाही. 2017 मध्ये हमीभाव 5050 असताना तूर 4000 च्या आसपास गेली. महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा होत्या.

कास्तकाराने माल थांबवायचा तर हातात पैसा हवा. महाराष्ट्रात बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी तारण कर्ज मिळतं. तेलंगणातही बाजार समित्यांमार्फत अशी योजना आहे. चौकशी तूर विकण्याआधी करायची.