मानतेचे घोडे

लखारा, म्हणजे भिंत रंगवणारा चितारी, दुधात मोहाची दारू ओततो आणि त्यात गुलाबी पूड कालवतो. पूड बाजारातली आहे, डोळ्यांत घुसणारी. बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेले कुंचले बाजूला पडलेत. आज बहुतेकांच्या हातात दुकानातले ब्रश आहेत. एकाकडे घोड्याचा कापून घेतलेला साचा आहे. तो भिंतीला लावायचा, कडेनं रेघ मारायची, आत रंग भरायचा. झाला घोडा. मग पुढचा.

गुजरातमधल्या छोटा उदेपूरहून आत, राठवा आदिवासींच्या एका वस्तीत मी ओसरीच्या कडेला बसलेय. समोरची भिंत ओसरी आणि आतलं स्वयंपाकघर यांच्या मधली. घरातली मोठी भिंत हीच, आणि पिठोरा देवाची जागाही हीच. कुंवार मुलींनी ती शेण-मातीनं सारवून वर पांढऱ्या मातीचा हात दिलाय. हात लावला तर अजून ओल लागते. बाजूच्या दोन भिंतींवरही काम चालू आहे. सहा-सात पुरुष रंगवताहेत, मधूनच एकमेकांची टिंगल करताहेत, विड्या ओढताहेत. देवाचं काम आहे म्हणून कोणी आवाज खाली आणलेला नाही.

घरधनी मात्र गप्प. उंबऱ्याजवळ पाय दुमडून बसलाय. त्याच्या हातात ब्रश नाही आणि तो घ्यावा असं त्याला वाटलेलंही दिसत नाही.

त्याची हकीकत तुकड्यातुकड्यानं कळते. थोरला मुलगा तापानं अंथरुणाला खिळला होता. त्याच पावसाळ्यात बैल गेला. दवाखाना केला, पैसे गेले. मग बडवोकडे, म्हणजे देवऋष्याकडे गेले. त्यानं दाणे टाकून पाहिले आणि सांगितलं, पिठोरा मागतोय. घरधन्यानं मानता घेतली: पोरगा उठला तर भिंतीवर देव बसवीन. पोरगा उठला. आता तो शर्टाच्या खिशात मोबाइल घालून पाण्याच्या घागरी आणतोय. मधली वर्षं गेली ती बकरे, धान्य, दारू, लखाऱ्यांची बिदागी हे सगळं जुळवण्यात.

“मुलगा तर केव्हाच बरा झाला. मग आता चित्र कशाला?” मी विचारते.

तो माझ्याकडे नीट बघतो. शहरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागतंय याचं त्याला हसू येत असावं.

“बेन, देणं राहिलंय ना देवाचं. देणं डोक्यावर असताना झोप लागते का?”

हे ऐकताना मला आठवतं, पुण्यात माझ्या ओळखीच्या काही जणी रविवारी मंडलाच्या वर्गाला जातात. मधोमध बिंदू, त्याभोवती पाकळ्या, जाळ्या. मन शांत होतं म्हणतात आणि ते खोटं नसावं. मानसशास्त्रज्ञ युंग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या युद्धबंद्यांच्या छावणीवर अधिकारी होता, तेव्हा रोज सकाळी वहीत अशीच एक वर्तुळाकृती काढायचा आणि तीत आपल्या मनाची त्या दिवसाची अवस्था शोधायचा. तिथे दुखणं ज्याचं, रेघही त्याचीच. इथे ज्याचं दुखणं तो उंबऱ्याशी बसलाय आणि रेघ मारणारे दुसऱ्या गावचे आहेत. आपल्या आत काय चाललंय हे त्याला शोधायचं नाही. कोणते आकार लागतात ते सगळ्या गावाला आधीपासून ठाऊक आहे. ते त्याच्या घरात सगळ्यांदेखत उतरले पाहिजेत, एवढंच त्याचं मागणं. मला हे जास्त दमदार वाटतं. एकट्यानं बरं व्हायचं ओझं इथे कोणावर नाही.

आता मोठी चौकट भरत आलीय. तिची किनार नागमोडी रेघांची आणि त्रिकोणांची. खाली एक फट ठेवलीय, तो झांपो, म्हणजे वेस. तिच्या दोन्ही बाजूंना वाघ. हुक्का ओढणारा बाबा गणेह सगळ्यांच्या आधी काढलाय. हत्तीवर राजा भोज आहे. नांगर धरलेला शेतकरी आहे, सूर्य-चंद्र आहेत, बारा डोक्यांचा एक पुरुष आहे, सुपाएवढ्या कानांचा दुसरा. कोपऱ्यात एक जोडपं उघड उघड संभोगात आहे आणि त्याच्या शेजारी लहान मुलं खुशाल खेळताहेत. एका तरुण लखाऱ्यानं वरच्या बाजूला विमान काढलंय.

“हे कुठून आलं?”

“वर जातं ना ते? मग वरच काढायचं.”

पण भिंत आहे ती घोड्यांची. रांगेनं, एकामागून एक, अंगावर ठिपक्यांची झूल घेतलेले. घोडा म्हणजे देव, घोडा म्हणजे पूर्वज. नदीत सोडून दिलेलं एक पोर राणी काजलनं वाढवलं, तोच हा पिठोरा. मोठा झाल्यावर आपला बाप कोण, हे त्यानं भर दरबारात विचारलं होतं. आज भिंतीवर त्याचंच लग्न चाललंय आणि हे सगळे वऱ्हाडी. आजारी पोराच्या बापानं याच देवाला का बोलवावं, हे मला कोणी सांगत नाही. मीही विचारत नाही.

घरधनीण आतून चहा घेऊन येते. भिंतीकडे बघून म्हणते, “पोरींनी भिंत केली, बाप्यांनी घोडे केले.” तक्रार आहे की नुसतं सांगणं, कळत नाही. पिठोरा पुरुषांनीच लिहायचा, बायकांनी नाही. पलीकडे मध्य प्रदेशात, झाबुआतल्या भिलांमध्येही हाच नियम. त्यांच्यातलीच पिटोल गावची भूरीबाई भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करायला गेली, चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तिच्या हातात कागद आणि रंग दिले आणि तिनं आपली स्वतःची चित्रं काढली. 2021 साली ती पद्मश्री झाली. इथल्या राठवांतल्या परेश राठवांना 2023 साली तोच मान मिळाला. आता पिठोरा कॅनव्हासवर मिळतो, तो विकत घेऊन दिवाणखान्यात लावता येतो. त्यात वाईट काही नाही, चार घरं त्यावर चालतात. पण त्या कॅनव्हाससमोर बडवो येत नाही. तो येईपर्यंत भिंत ही नुसती रंगवलेली भिंत, हे मला रात्री कळतं.

अंधार पडल्यावर घांगळी वाजायला लागते. दोन भोपळ्यांचं, तारांचं वाद्य. त्याच्या सुरावर बडवो गातोय. कथा लांबलचक आहे आणि मला त्यातली नावंच तेवढी ओळखू येतात. बाहेर ढोल. अंगण माणसांनी भरलंय. बडवोच्या खांद्याला आधी बारीक थरथर सुटते, मग सगळं अंग घुमायला लागतं. तो उठतो, भिंतीपाशी जातो आणि एकेका आकृतीवर हात नेऊन नाव पुकारतो. बाबा गणेह. राणी काजल. राजा भोज. प्रत्येक नावाला अंगणातून होकार येतो. लखारे भिंतीच्या कडेला उभे आहेत, दुपारची टिंगल आता कुठल्या कुठे. पोलीस पाटलासमोर हजेरी चालली असावी तसे ताठ.

मध्येच बडवो थांबतो. हात भिंतीवर फिरतो, परत फिरतो.

“एकटांग्या कुठाय?”

एका पायाचा माणूस राहून गेलाय. मुख्य लखारा काही न बोलता पुढे होतो, बॅटरीच्या उजेडात विमानाच्या खाली जागा शोधतो आणि चार रेघांत एका पायाचा माणूस उभा करतो. रंग खाली ओघळतो. बडवो पाहतो, नाव घेतो, पुढे सरकतो. कोणाला राग नाही, कोणाला लाज नाही. देवांच्या वऱ्हाडात लंगडा राहून गेला तर वऱ्हाड अपुरं, एवढाच हिशेब.

मी घरधन्याकडे बघते. शेवटच्या घोड्याचं नाव होईपर्यंत तो मान वर करत नाही. मग उठतो आणि पहिल्यांदा भिंतीपाशी जाऊन सगळं बघतो, डावीकडून उजवीकडे, सावकाश. विमानापाशी थबकतो. मुलाला हाक मारून ते दाखवतो. दोघं हसतात.

बकरे पडतात. पहाटेपर्यंत मोठमोठ्या पातेल्यांत रस्सा शिजतो. पंगती बसतात, मलाही द्रोण मिळतो. तिखटानं नाक वाहायला लागतं आणि शेजारची म्हातारी माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावते.

उजाडताना लखारे ब्रश धुताहेत. शेजारच्या फळियातला, म्हणजे वाडीतला, एक माणूस मुख्य लखाऱ्याजवळ उकिडवा बसलाय. त्याचीही मानता आहे, बायकोच्या पोटदुखीची. धान्य घरात आलं की करू म्हणतो, बकऱ्यांची सोय झालीय, पैशांची अजून नाही.

“पैशांचं बघू,” लखारा म्हणतो. “आधी भिंत नीट करून घे. तुझ्या भावाकडे पोपडे निघाले होते. दोन घोडे गेले, आणि शिव्या मला.”