पाळीव प्राण्यांसाठी प्रोबायोटिक : निवड, वापर आणि कायद्यातील पोकळी

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची निवासी वसाहत आहे. तिच्यापासून जवळच असलेल्या सफदरजंग वेधशाळेत २९ मे २०२४ रोजी ४६.८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा उन्हाळ्यात वसाहतीतील एखाद्या घरी कुत्र्याचे पोट बिघडले आणि घरपोच सेवेने प्रोबायोटिकची पुडी मागविली, तर त्या पुडीतून नेमके काय घरी पोहोचते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. वस्तुतः सूक्ष्मजीवशास्त्र, औषधविषयक कायदे, ग्राहकांचे हक्क आणि प्रतिजैविकांचा गैरवापर हे सर्व विषय त्यात गुंतलेले आहेत.

जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्यास लाभ करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, असा तिचा आशय आहे. दह्यातील जीवाणूंचा दीर्घायुष्याशी संबंध जोडणारे १९०८ चे नोबेल विजेते एली मेचनिकॉफ हे या विचाराचे प्रवर्तक मानले जातात. व्याख्येतील ‘जिवंत’, ‘पुरेशा प्रमाणात’ आणि ‘लाभ’ या तीन अटींपैकी एकही पुरी झाली नाही, तर पुडीत उरते ती केवळ भुकटी. उष्णता व दमटपणा यांमुळे लॅक्टोबॅसिलस गटातील जीवाणू झपाट्याने मरतात. बॅसिलस गटातील जीवाणू मात्र बीजाणू धारण करतात व उष्णतेत तग धरतात. अर्थात तग धरणे आणि उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न दिसणारी गुणवत्ता

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या असमतेचा सिद्धान्त मांडला. विक्रेत्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते, ग्राहकाला नसते. परिणामी हलका माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. या कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. जुनी मोटार निदान वापरल्यावर तरी आपले दोष उघड करते. प्रोबायोटिकच्या बाबतीत तेही घडत नाही. कुत्र्यांचा साधा अतिसार बहुधा काही दिवसांत आपोआप थांबतो आणि श्रेय मात्र पुडीला मिळते. पुडीतील जीवाणू मेलेले असले तरी मालक समाधानी राहतो व पुढच्या वेळी तीच मागवितो. बाजाराची शिक्षा येथे लागूच पडत नाही.

कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत प्राण्यांसाठी विकली जाणारी २५ उत्पादने होती. त्यांपैकी १५ वर जीवाणूंची संख्या छापलेली होती आणि त्या दाव्याइतके जिवंत जीवाणू फक्त ४ उत्पादनांत आढळले.

कायद्याची चौकट

भारतात मानवी आहारातील प्रोबायोटिकसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. पुढे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये नियम केले. तथापि अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातील अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. दुसऱ्या बाजूस औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या औषधाच्या व्याख्येत प्राण्यांवरील उपचारांसाठीचे पदार्थ समाविष्ट आहेत. म्हणजे ‘अतिसार बरा करते’ असे वेष्टनावर लिहिल्यास उत्पादन औषध ठरते. ‘पचनास साहाय्य करते’ एवढेच लिहून खाद्यपूरक म्हणून विकल्यास ते दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत राहू शकते. एका क्रियापदाने कायदा बदलतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचा आधार घेता येतो. पण पुडीतील जीवाणू मोजण्याचे साधन तक्रारदारापाशी नसते, ही अडचण तेथेही उरते.

दुभत्या व मांसासाठीच्या जनावरांच्या खाद्याकडे शासनाचे लक्ष अधिक असते, कारण त्यातील अवशेष माणसाच्या ताटात येतात. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नोत्पादक प्राण्यांमधील वापर भारताने २०१९ मध्ये बंद केला. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर २००६ पासूनच बंदी घातली होती. घरातील श्वान ताटात येत नाही, म्हणून तो दुर्लक्षिला जातो. परंतु तो त्याच घरात, मुलांच्या अंथरुणाशेजारी राहतो. त्याला अकारण दिलेल्या प्रतिजैविकामुळे औषधाला दाद न देणारे जीवाणू वाढले, तर त्यांना घरातील माणसांपर्यंत जाण्यास फार अंतर कापावे लागत नाही.

म्हणूनच प्रोबायोटिकचा खरा प्रश्न प्रतिजैविकांशी निगडित आहे. श्वानांच्या तीव्र अतिसारासंबंधी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी सौम्य व मध्यम आजारात प्रतिजैविके देऊ नयेत, अशी ठाम शिफारस केली. त्याच वेळी प्रोबायोटिकचा लाभही जेमतेम असल्याचे पुराव्यांच्या छाननीत दिसून आले. तात्पर्य, प्रतिजैविक टाळण्यासाठी प्रोबायोटिकवर अवाजवी विश्वास ठेवण्याचेही कारण नाही. पुरेसे पाणी, सुपाच्य आहार आणि काही दिवसांची प्रतीक्षा हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त व पुरेसा उपाय ठरतो.

निवड आणि मात्रा

तरीही पशुवैद्यकाने प्रोबायोटिक सुचविले, तर वेष्टन वाचण्याचे काम मालकाचे आहे. त्यावर केवळ प्रजातीचे नाव पुरेसे नाही. वाणाचे नाव वा क्रमांक हवा. एन्टरोकॉकस फीसियम या एकाच प्रजातीत एनसीआयएमबी १०४१५ हा युरोपीय संघात खाद्यासाठी मान्यता मिळालेला वाण आहे आणि रुग्णालयांत अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारे वाणही आहेत. जिवंत जीवाणूंची संख्या ‘उत्पादनाच्या वेळी’ नव्हे, तर वापराची मुदत संपेपर्यंत किती राहील हे दिलेले असावे. साठवणुकीचे तापमान छापलेले असावे आणि दुकानदार ते पाळतो का, हे विचारण्यास संकोच करू नये. किंमत पुडीमागे न पाहता हमी दिलेल्या जीवाणूसंख्येमागे पाहिली, म्हणजे महाग-स्वस्ताचा अर्थच पुष्कळदा बदलतो.

भुकटी गरम भातात वा रश्शात मिसळू नये. अन्न निवल्यावरच घालावी. प्रतिजैविक चालू असल्यास दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवतात. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट असल्याने जीवाणूरोधक औषधांनी ते मरत नाही. मात्र रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या प्राण्यांना कोणतेही जिवंत सूक्ष्मजीव देण्यापूर्वी पशुवैद्यकांचा सल्ला अनिवार्य आहे.

घरच्या दह्याविषयी मराठी घरांत मोठी श्रद्धा आहे. थोडे ताजे, बिनसाखरेचे दही बहुतेक कुत्र्यांना पचते. पण त्यातील जीवाणूंचे वाण व संख्या दर विरजणागणिक बदलते, त्यामुळे त्याला आहार म्हणावे, औषध म्हणू नये. बाजारातील ‘शुगर-फ्री’ पदार्थांत झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यांसाठी विषारी असते.

शेणात रक्त दिसणे, सतत उलट्या, ताप, किंवा लस न झालेल्या पिल्लाचा अतिसार यांत पुडीवर विसंबून एक दिवसही घालवू नये. पार्व्हो विषाणूच्या संसर्गात पिल्लू शरीरातील पाणी कमी होऊन दोन-तीन दिवसांत दगावू शकते. अशा वेळी त्याला शिरेतून द्रव देणाऱ्या पशुवैद्यकीय रुग्णालयात तातडीने न्यावे लागते.