मैत्रिणीची दृष्टी : होमाई व्यारावाला यांची प्रारंभीची छायाचित्रे

छायाचित्रातील स्त्रीचा विचार करताना पाहणारा आणि पाहिली जाणारी अशी विभागणी सामान्यतः गृहीत धरली जाते. कॅमेऱ्यामागे पुरुष व त्यासमोर स्त्री, हा तिचा रूढ आकार होय. परंतु कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंस मैत्रिणीच असतील, तर या संबंधाचे स्वरूप काय राहते? होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांची प्रारंभीची छायाचित्रे या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहेत.

नवसारी येथे पारशी कुटुंबात जन्मलेल्या होमाईंचे कलाशिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. छायाचित्रणाची विद्या त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याकडून आत्मसात केली. पुढे उभयतांचा विवाह झाला. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या सहाध्यायिनींची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी रेहाना मोगल यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. वर्गांच्या मधल्या वेळेतील या तरुणी कोणाच्या कन्या वा पत्नी म्हणून नव्हे, तर शिकणाऱ्या आणि एकमेकींच्या सहवासात रमणाऱ्या व्यक्ती म्हणून दिसतात.

या सहजतेमागे तंत्राचाही काही भाग असतो. होमाईंच्या वापरातील रोलायफ्लेक्ससारखा कॅमेरा कमरेशी धरून वरून पाहावयाचा असतो; त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही आणि समोरच्या व्यक्तीशी बोलणे चालू राहू शकते. एका फिल्मवर १२ चित्रे मावतात. शिवाय फिल्म धुतल्याखेरीज चित्र दिसत नाही. समोर उभी राहणारी स्त्री आपली प्रतिमा तत्काळ तपासू शकत नाही. तिला विश्वास ठेवावा लागतो. अशा स्थितीत मैत्री हा चित्राचा केवळ विषय राहत नाही, ती चित्रनिर्मितीची अटच बनते.

मराठी क्रियापदांच्या आधारे हा भेद अधिक स्पष्ट करता येईल. ‘तिने फोटो काढला’ या वाक्यात कर्तृत्व कॅमेरा धरणारीकडे आहे. ‘तिने मैत्रिणीकडून फोटो काढून घेतला’ असे म्हणताच ते समोर उभी राहणारीकडे जाते. मैत्रिणींच्या चित्रांचे वर्णन करण्यास ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी मानावी लागतात. पाहिली जाणारी येथे केवळ कर्म नसते.

श्रेयाच्या ओळीत मात्र क्रियापदच नसते आणि तेथे कर्तृत्व सहज लोपते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने होमाईंच्या प्रारंभीच्या चित्रांस प्रत्येकी १ रुपया दिला, तथापि त्यांची आरंभीची अनेक चित्रे माणेकशांच्या नावाने छापली गेली. पुढे त्यांनी घेतलेले ‘डालडा १३’ हे टोपणनावही लिंगबोध करून देत नाही.

१९४२ मध्ये होमाई दिल्लीस गेल्या. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार ही त्यांची ख्याती मुख्यतः तेथील राजकीय चित्रांवर आधारलेली आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला. परंतु मुंबईतील मैत्रिणींची चित्रे ही त्या कारकिर्दीची केवळ पूर्वतयारी मानणे योग्य होणार नाही. नेत्यांच्या चित्रांखाली नावे असतात. मैत्रिणींच्या चित्रांखाली पुष्कळदा ‘विद्यार्थिनी’ एवढेच उरते. म्हणून अशा चित्रांची सूची करताना समोरची स्त्री कोण आणि कॅमेरा धरणारीशी तिचे नाते कोणते, याची नोंद आवश्यक ठरते. ती नोंद नसेल, तर चित्र टिकते, पण त्यातील मैत्री वाचता येत नाही.