अडवलेल्या पाण्यावरची सफर

शिंदखेडा तालुक्याच्या उत्तर शिवेवरून तापी वाहते. मुडावदला कपिलेश्वराच्या पायथ्याशी पांझरा तिला मिळते; सुलवाड्याचा बॅरेज याच तालुक्यात आहे, त्याखाली सारंगखेडा आणि प्रकाशा इथले बॅरेज. पावसाळा ओसरला, दारं बंद झाली की नदी काठोकाठ फुगते आणि ते पाणी पाहून कुणालाही नौकाविहार सुचतो. त्यावर ठरलेलं उत्तर असतं: इथे कुठे चीनसारखे कडे आहेत? हे उत्तर मला पटत नाही. चोंगछिंग ते यिचांग ही यांगत्झीवरची प्रसिद्ध सफर कड्यांमधून जाते खरी, पण ती चालते धरणाच्या फुगवट्यावर. तीन घळींच्या धरणात हिवाळ्यात पाणी १७५ मीटरपर्यंत ठेवतात आणि पुराला जागा हवी म्हणून पावसाळ्याआधी १४५ मीटरच्या आसपास उतरवतात. वरची मोठी बोट खाली यायची तर पाच टप्प्यांच्या जलपाशातून उतरते. मागचं दार बंद होतं, पाणी खालच्या टप्प्यात सोडलं जातं, ओलं काँक्रीट हळूहळू उंच होत जातं. बोटीचा दोर ज्या खुंट्याला बांधलेला असतो तो तरंगता असतो. पाण्याबरोबर तोही भिंतीतल्या खाचेतून खाली सरकतो, म्हणून दोर ताणला जात नाही. ही उतरण काही तास चालते आणि प्रवासी कठड्याला खिळून ती पाहतात. तिथे कडा नसतो. असतं ते पाण्याचं नियोजन.

तापीलाही तेच हवं. वरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या बॅरेजचेही उघडावे लागतात, तेव्हा पात्रात होडी नकोच. दिवाळीनंतर पाणी स्थिर असतं, सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोड्यांची यात्राही त्याच दिवसांत भरते. पुढे उपसा वाढतो, पातळी उतरते. हंगाम एवढाच, आणि तो मान्य करावा. शेतीचं पाणी सहलीला का, ही शंका रास्त आहे. होडी पाणी पीत नाही, पण पातळी मागते; तिथे पंपाचा हक्क पहिला, होडीचा नंतर, हे आधीच लिहून ठेवावं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. यांगत्झीच्या त्या निसर्गरम्य पाण्याखाली गावं आहेत. बारा लाखांहून अधिक माणसं तिथून उठवली गेली. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी-अक्कलकुव्यातली गावं बुडाली, त्यामुळे खानदेशाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून बोटीवरच्या वाटाड्याने देवळांइतकंच काठच्या जमिनींबद्दलही बोलावं.

आपल्या बॅरेजना जलपाश नाहीत, तेव्हा फेरी दोन भिंतींच्या मधलीच, तास-दोन तासांची. तेवढ्यासाठी सिमेंटचा पक्का धक्का बांधला तर फाल्गुनात तो चिखलात उभा राहील. धक्का तरंगताच हवा, आणि दारं कधी उघडणार याची खबर पाटबंधारे खात्याकडून नावाड्याला आदल्या दिवशीच मिळायला हवी.