मोझार्टचा झाकोळलेला शिष्य

योहान नेपोमुक हुमेल (१७७८-१८३७) बालपणी सुमारे दोन वर्षे व्हिएन्नात मोझार्टच्या घरी राहून शिकला. हयातीत त्याची युरोपभर कीर्ती होती. पुढे मात्र बेथोवेन आणि शोपँ या दोन शिखरांमध्ये तो झाकोळला. पियानो व वाद्यवृंदासाठीचा त्याचा १८१६च्या सुमाराचा ए मायनर कॉन्चेर्टो ऐकावा. वाद्यवृंदाचा प्रारंभ मोझार्टच्या वळणाचा. पण पियानो आला की उजव्या हाताची सुरावट नाजूक अलंकारांनी मोहरते आणि वाटते, हा तर शोपँ! तेव्हा शोपँ जेमतेम सहा वर्षांचा होता. पुढे त्याने हुमेलच्या रचना मनापासून अभ्यासल्या. हुमेल म्हणजे निव्वळ बोटांची कसरत, असे म्हणणाऱ्यांनी यातील ‘लार्गेटो’ हा संथ भाग बहुधा ऐकलेला नसावा. स्टीफन हफ यांचे १९८०च्या दशकातील ध्वनिमुद्रण त्यासाठी उत्तम.