वेशीवरचे स्टेशन

दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे, हा वाद आमच्या घरी दसऱ्यापासूनच रंगतो. सौ.ला समुद्र हवा असतो, मुलीला डोंगर; आणि मराठीच्या या प्राध्यापकाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पोहोचणार नाहीत असे कोणतेही ठिकाण चालते. गेल्या वर्षी मी कॅसलरॉकचे नाव काढले.

“तिथे आहे काय?” सौ.

“स्टेशन.”

“आणि?”

“जंगल.”

एरवी हा बेत तिथेच बारगळला असता. पण माझ्या आजीची गोष्ट सौ.ने ऐकलेली होती. ती मुकाट्याने चकल्यांचा डबा भरू लागली.

लोंढ्याहून भाड्याच्या जीपने आम्ही निघालो. कॅसलरॉक कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. पाऊस नुकताच उघडला होता. झाडांच्या खोडांवरचे शेवाळ अजून ओले होते. फलाटावर माणूस नव्हते. पाखरांची किलबिल तेवढी होती.

आज झोपलेले वाटणारे हे स्टेशन एके काळी दोन राज्यसत्तांची वेस होते. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ मध्ये करार झाला आणि मुरगाव बंदरापासून सरहद्दीपर्यंत लोहमार्ग घालायचे ठरले. १८८८ मध्ये घाटातून गाडी धावू लागली. खालून वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे यायची, वरून सदर्न मराठा रेल्वे. दोघींची गाठ इथे पडायची. इकडची जकात कॅसलरॉकला, पोर्तुगिजांची घाटाखाली कुळ्याला.

माझी आजी सावर्ड्याची. १९५० साली लग्न होऊन ती बेळगावला आली ती याच फलाटावरून. तिच्या ट्रंकेत फणसाची साठे होती. जकातीच्या अंमलदाराने एक गुंडाळी उचलली, हुंगली, हसला आणि ट्रंक लावून घेतली. आजी हे सांगताना दर वेळी त्याच्यासारखे नाक उडवून दाखवी.

गोष्टीचा उत्तरार्ध मात्र ती क्वचितच सांगे. १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहानंतर ही रेल्वे बंद पडली. १९५७ मध्ये आजीची आई वारली. बातमीचे पत्र फिरत फिरत बेळगावला आले, तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. घाट उतरला की माहेर. पण उतरायचे कसे? १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे गाड्या सुरू झाल्यावर दहा वर्षांच्या माझ्या वडिलांना घेऊन ती माहेरी गेली. वडील सांगत, साऱ्या घाटात ती खिडकीबाहेर एकदाही पाहत नव्हती.

“बाबा, सीमा होती कुठे?” मुलीने विचारले. मी बोगद्याकडे बोट दाखवले. तिला रूळ दिसले आणि झाडे दिसली. मलाही दुसरे काही दिसले नाही.

गाडी आली, तशी स्टेशनला जाग आली. इथून कुळ्यापर्यंतचा सव्वीस किलोमीटरचा घाट सदतीसास एक या चढाचा आहे. सदतीस मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटते, पण रेल्वेला हा चढ फार भारी. म्हणून गाडीला जादा इंजिने जोडतात. चढताना ती ढकलतात, उतरताना आवरतात. मीटरगेज गेले, १९९०च्या दशकात ब्रॉडगेज आले, तरी घाटाने आपला मान सोडलेला नाही.

या मार्गाशेजारी दुसरा रूळ घालायची योजना निघाली, तेव्हा जंगलाची बाजू घेऊन माणसे न्यायालयात गेली. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. नव्याने प्रस्ताव मांडायची मुभा मात्र ठेवली. रेल्वेने माझ्या आजीला माहेर दिले, त्यामुळे रुळांचे वाईट मला चिंतवत नाही. पण रूळ उखडून पुन्हा घालता येतो. हे रान एकदा तुटले की पुन्हा घालता येणार नाही. सहा वर्षे बंद राहिलेली वाट पुन्हा उघडली, हे आमच्या घराने पाहिले आहे. तुटलेल्या जंगलाला तशी सवलत नसते.

गाडी उतरू लागली. बोगदा, उजेड, पुन्हा बोगदा. मग दूधसागर आला आणि डब्यातले सगळे एकाच बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाले. धबधब्याचे तुषार थेट आत आले. मुलगी ओरडली, सौ. समुद्र विसरली. मी आजीच्या वाटचेही पाहून घेतले.

कुळ्याला जादा इंजिने सुटली. गोवा नेमका कधी लागला, ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन आम्ही बसलो होतो. तो उघडून दाखवा, असे कुणीही म्हटले नाही.