बाथचे ‘रॉयल क्रेसेंट’ : एक दर्शनी भिंत आणि तीस घरे

इंग्लंडमधील बाथ नगरीत ‘रॉयल क्रेसेंट’ ही तीस घरांची, चंद्रकोरीसारखी वळलेली ओळ १७६७ ते १७७४ या काळात उभी राहिली. समोरच्या हिरवळीवरून पाहणाऱ्यास ती एखाद्या राजवाड्याचीच सलग भिंत वाटते. तळमजला जवळजवळ निरलंकृत, त्यावर दोन मजले व्यापणारे आयोनिक शैलीचे ११४ स्तंभ, आणि सारे बांधकाम त्या परिसरातील मधाळ रंगाच्या चुनखडी दगडाचे. एक घर कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते, हे मुख्यतः दारांवरूनच उमगते.

राजवाडा मात्र येथे कधीच नव्हता. वास्तुकार धाकटे जॉन वुड यांनी आखून दिली ती प्रामुख्याने ही दर्शनी बाजू. घेणाऱ्याने तिची ठराविक लांबी विकत घ्यावयाची आणि तिच्यामागे आपल्या पसंतीच्या वास्तुकाराकडून घर बांधून घ्यावयाचे, अशी ती योजना होती. साहजिकच मागील बाजूस गेले की एकरूपता विरते. छपरांच्या उंचीत मेळ नाही, खिडक्यांच्या जागा वेगवेगळ्या, काही भिंती पुढे आलेल्या तर काही मागे सरलेल्या. यास गबाळेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु या रचनेचे मर्म तेथेच आहे. उष्ण झऱ्यांच्या या नगरीत प्रतिष्ठित मंडळी मोसमापुरती येत व घरे भाड्याने घेत. काही महिन्यांच्या भाड्यात त्यांना राजवाड्याचा थाट लाभे. (‘रॉयल’ हे उपपदही मागाहून, एका राजपुत्राच्या वास्तव्यामुळे चिकटलेले, मूळ नाव नुसतेच ‘क्रेसेंट’.)

भिंत आणि घर यांतील ही फट साहित्यिकांच्या नजरेतून सुटली नाही. जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’तील पात्रे येथे फिरावयास येतात ती ‘चांगल्या’ लोकांत दिसण्यासाठी. घरांच्या आत काय चालते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. प्रत्यक्षात ११ क्रमांकाच्या घरातून गायिका एलिझाबेथ लिन्ली १७७२ मध्ये नाटककार शेरिडनसमवेत फ्रान्सला पळून गेली. डिकन्सने तर ‘पिकविक पेपर्स’मध्ये नेमका उंबरठाच निवडला. मेण्यातून उशिरा परतलेल्या बाईंसाठी अपरात्री दार उघडावयास गेलेल्या विंकलच्या पाठीमागे ते वाऱ्याने बंद होते, आणि रात्रीच्या वेषातील हा गृहस्थ त्या भव्य रस्त्यावर उघडा पडतो. त्या स्तंभांचा याहून चांगला उपहास क्वचितच झाला असेल.

एप्रिल १९४२ मधील जर्मन बाँबहल्ल्यांत येथील दोन घरे आतून जळून गेली. पुढे ती दुरुस्त झाली. तथापि खासगी मालकी आणि सामाईक दर्शन यांतील जुना करार उघडपणे वादात सापडला तो १९७० नंतरच्या दशकात, आणि तोही एका दारावरून. २२ क्रमांकाच्या घराच्या मालकीणबाईंनी आपले दार पिवळे रंगविले. ते पुन्हा पांढरे करावे, अशी नोटीस नगरपरिषदेने काढली. मालकीणबाई हटल्या नाहीत. प्रकरण पर्यावरणमंत्र्यांपर्यंत गेले आणि दार पिवळे राहू द्यावे, असा निर्णय झाला.